ते दोन तास : टीबीच्या लशीने कॅन्सरचे उपचार घेताना

पहिल्यांदा लघवीतून रक्त गेलं तेव्हा काहीही दुखलं नव्हतं, आणि तिथेच माझी गल्लत झाली. दुखत नाही, जळजळ नाही, ताप नाही म्हणजे गंभीर काही नसणार असं मी धरून चालले. वय ५४, पाळी बंद होऊन चार वर्षं झालेली, त्यामुळे आधी वाटलं तिकडचंच काही असेल. डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, रक्त थांबलं, मी विसरून गेले. दोन महिन्यांनी परत तेच, परत गोळ्या, परत थांबलं. आता कळतंय की ते गोळ्यांनी थांबत नव्हतंच, हा आजार असाच वागतो, एक दिवस लालभडक आणि मग महिनाभर स्वच्छ. युरिन कल्चर दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा एकही जंतू वाढला नव्हता, पण जंतू नाही तर मग इन्फेक्शन कसलं हा साधा प्रश्न कुणालाच पडला नाही, मलाही नाही. सात महिने गेले यात. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांना आपल्यापेक्षा तीन-चार पटीने जास्त होतो, म्हणून बाईच्या लघवीत रक्त दिसलं की सगळ्यांना आधी इन्फेक्शनच आठवतं आणि निदान लांबतं. ज्या कुणी बायका हे वाचतायत त्यांना हात जोडून सांगते, न दुखता रक्त गेलं, एकदाच गेलं, तरी सोनोग्राफी आणि युरोलॉजिस्ट, हे दोन्ही करून घ्या.

सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीच्या उजव्या भिंतीवर काहीतरी दिसलं आणि मग सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या जागेतून दुर्बीण घालून आत बघणं. जागा सुन्न करतात, ओढल्यासारखं होतं पण सहन होतं. समोर स्क्रीन होता, मी बघत होते. आत पाणी सोडलेलं असतं आणि त्या पाण्यात भिंतीला चिकटलेली एक गुलाबी झालर सावकाश हलत होती, अगदी पाण्याखालच्या शेवाळासारखी. खरं सांगते, दिसायला सुंदर होती. डॉक्टर बोलायचे थांबले तेव्हाच मला समजलं.

पुढे टीयूआरबीटी, म्हणजे कमरेत इंजेक्शन देऊन दुर्बिणीतून ती गाठ खरवडून काढतात. पोटावर टाका नाही, पण तीन दिवस नळी आणि सतत पाणी सोडून पिशवी धुणं. रिपोर्ट आला, हायग्रेड म्हणजे आक्रमक जातीचा, वरच्या अस्तराखालच्या थरात शिरलेला पण स्नायूपर्यंत न पोचलेला, म्हणजे टी-वन, आणि शेजारी सपाट लालसर पट्टे, त्याला सीआयएस म्हणतात. हा सीआयएस मला झालरीपेक्षा भीतीदायक वाटला कारण तो उंच उगवत नाही, भिंतीला रंग लावल्यासारखा पसरतो आणि त्याला पूर्ण खरवडता येत नाही. पाच आठवड्यांनी त्याच जागी दुसऱ्यांदा खरवडलं. मी चिडले होते, एकदा काढलं ना सगळं, मग परत कशाला. डॉक्टर म्हणाले, "ताई, पहिल्या वेळी थोडं मागे राहून जाऊ शकतं, आणि पुढचं औषध मोठ्या गाठीवर चालत नाही, भिंत जितकी साफ तितकं ते चांगलं लागतं."

पुढचं औषध म्हणजे बीसीजी.

मला वाटलं माझ्या ऐकण्यातच चूक झाली. बीसीजी म्हणजे बाळांना देतात ती टीबीची लस? म्हणाले, तीच. माझ्या डाव्या दंडावर तिचा व्रण आहे, छोटा, खळगा पडलेला, आयुष्यभर स्लीव्हलेस घालताना आरशात दिसायचा. ५४ वर्षांनी तीच लस, दंडात टोचायची नाही तर नळीने लघवीच्या पिशवीत सोडायची, तीही जिवंत जंतूंची.

घरी हे सांगितल्यावर जे झालं ते झालं. एका नातेवाईकांनी विचारलं, म्हणजे आता तुला टीबी पण होणार का. नवरा काही बोलला नाही पण रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचत बसलेला दिसला. मग मीही वाचायला लागले. आणि मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय, या सगळ्यात मला धीर कशाने आला असेल तर तो "का" विचारल्याने. या उपचारातल्या प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या सूचनेमागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि ते कारण कळलं की तीच सूचना पाळायला सोपी जाते, निदान मला तरी गेली.

आधी जंतूबद्दल. बीसीजी मधले सी आणि जी म्हणजे काल्मेट आणि गेरँ, दोघं फ्रेंच. लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९०८ च्या सुमाराला त्यांनी गुरांना होणाऱ्या टीबीचा जंतू घेतला आणि तो बटाट्याच्या कापावर, ग्लिसरीन आणि बैलाच्या पित्तात भिजवलेल्या, वाढवला, मग त्यातला थोडा उचलून नव्या कापावर, मग परत नव्या कापावर. असं १३ वर्षं, २३० वेळा, मधल्या महायुद्धातसुद्धा. त्यात जंतूची रोग करायची ताकद जवळपास संपली आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला तो लस म्हणून दिला. म्हणजे माझ्या पिशवीत जाणार होता तो टीबीचा जंतू नव्हे, त्याचा दात पडलेला भाऊ. मी नातेवाईकांना हेच सांगितलं आणि तो विषय मिटला.

कॅन्सरशी त्याचा संबंध कसा लागला याची गोष्ट मला फारच आवडते. १९२९ मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल नावाच्या संशोधकाने शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हणाला की टीबी असलेल्यांमध्ये कॅन्सर कमी दिसतो. पुढे निघालं की त्याची तुलनाच चुकीची होती, ज्या लोकांशी तुलना केली तो गटच बरोबर निवडलेला नव्हता. पण कल्पना काही मेली नाही. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी दिलं आणि मग त्यांच्यात कॅन्सरच्या पेशी घातल्या, तर त्या उंदरांनी गाठीला जास्त विरोध केला. मग साठ-सत्तरच्या दशकात ल्युकेमियावर म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, त्वचेच्या मेलानोमावर, कुठे कुठे बीसीजी वापरून बघितलं लोकांनी, मोठी आशा होती, आणि ती बहुतेक ठिकाणी टिकली नाही. टिकली ती लघवीच्या पिशवीत.

पिशवीतच का, तर बर्टन झ्बार आणि मंडळींनी गिनीपिगवर काम करून आधीच सांगून ठेवलं होतं की बीसीजी चालायला काय काय लागतं. गाठ लहान हवी, जंतू पुरेसे हवेत, जंतूंचा गाठीशी थेट संबंध यायला हवा आणि शरीराला प्रतिकार करता यायला हवा. आता बघा, लघवीची पिशवी म्हणजे बंद थैली, औषध सोडा, ते चारी बाजूंनी भिंतीला लागणार, काम झालं की बाहेर काढून टाका. कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस म्हणून युरोलॉजिस्ट, त्यांनी हे केलं आणि १९७६ मध्ये नऊ पेशंटचा अनुभव छापला. फक्त नऊ! आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सहाच का, तर लस सहा बाटल्यांच्या पाकिटात यायची असं सांगतात. ५० वर्षं होत आली तरी सुरुवातीचा कोर्स आजही सहाच डोसांचा आहे. हे वाचून मला आधी धक्का बसला आणि मग का कोण जाणे, बरं वाटलं. कुणीतरी हाताशी होतं त्यातून माणसं वाचवायला निघालं होतं.

दुसऱ्या खरवडण्यानंतर तीन आठवडे थांबवलं, कारण भिंतीवरची जखम ताजी असताना जिवंत जंतू सोडले तर ते रक्तात जाऊ शकतात. आधी सगळं विचारून घेतलं, पूर्वी टीबी झाला होता का, स्टिरॉइड चालू आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी कुठली गोळी, एचआयव्हीची टेस्ट. मग पहिला डोस. आदल्या चार तासांत पाणीसुद्धा जवळपास बंद, म्हणजे पिशवीत लघवी कमी येईल आणि औषध पातळ होणार नाही.

सिस्टर आल्या त्या गाऊन, ग्लोव्हज, मास्क, चष्मा घालून. मी टेबलावर आडवी, साध्या कपड्यात, आणि माझ्या पोटात जे जाणार होतं त्यापासून त्या स्वतःला एवढं जपत होत्या, ते बघून पोटात गोळा आला. त्यांनी माझा चेहरा ओळखला असणार. म्हणाल्या, "मी दिवसाला चार जणांना देते, ताई, माझ्या श्वासातून रोज रोज जायला नको म्हणून हे. तुम्हाला घाबरायचं नाही." बाटलीत तळाला पांढरी पूड, त्यात सलाइन घातलं, जोरात न हलवता हळूच फिरवलं, गढूळ पांढरं पाणी झालं, ५० मिली. त्यात दहा कोटींच्या वर जिवंत जंतू असतात. बारीक नळी घातली, पिशवी रिकामी केली, औषध नुसतं आपल्या वजनाने खाली उतरू दिलं, दाबलं नाही. नळी काढली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

आणि मग दोन तास. दोन तास धरून ठेवायचं.

पंधरा मिनिटं पालथं, पंधरा मिनिटं उताणं, मग डावी कूस, मग उजवी, म्हणजे औषध प्रत्येक भिंतीला लागावं. काही ठिकाणी कूस बदलायला सांगत नाहीत म्हणे, माझ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी केलं. पहिल्या वेळी काही कठीण गेलं नाही. नवऱ्याने मोबाइलवर टायमर लावला होता आणि दर पंधरा मिनिटांनी तो "वळ" म्हणायचा, बाकी आम्ही काही बोललो नाही. त्या दोन तासांत आत काय होतं ते मी वाचलं होतं, तेच डोळ्यासमोर आणत बसायचे. जंतू भिंतीवरच्या फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाला धरतात, आत शिरतात, मग पेशी धोक्याचे संदेश सोडतात, काही तासांत पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आठवड्या-आठवड्याला टी पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच लढणाऱ्या पेशींची, फौज वाढत जाते. म्हणजे औषध तोफगोळा नाही, आरडाओरडा आहे. लढतात त्या माझ्याच पेशी.

लघवी बसूनच करायची, शिंतोडे उडायला नकोत म्हणून, मग जवळपास तेवढंच ब्लीच कमोडमध्ये ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, झाकण लावून फ्लश. सहा तास प्रत्येक वेळी हेच. बाथरूममध्ये एका कोपऱ्यात ब्लीचची निळी बाटली आणि भिंतीवर मी कागद चिकटवला होता, वेळ लिहायला. शारीरिक संबंधाबद्दलही सांगतात, आठवडाभर नाही किंवा कंडोम, हे विचारायला लाजू नका, मला सिस्टरनी स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं.

पहिल्या दोन डोसांना काहीच झालं नाही, थोडी जळजळ, एका रात्रीत गेली. त्याचीच मला भीती वाटायला लागली, काही होत नाही म्हणजे काम करत नाही की काय. डॉक्टर म्हणाले थांबा, शरीराला ओळख पटायला वेळ लागतो, तिसऱ्यापासून बघा. मी दंडावरचा व्रण दाखवून विचारलं की लहानपणीच ओळख झालेली आहे ना. त्यांना तो प्रश्न आवडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी २०१२ मध्ये उंदरांवर हेच दाखवलंय म्हणाले, आधी कातडीत लस टोचलेल्या उंदरांच्या पिशवीत टी पेशी लवकर पोचतात. पण तेवढ्यावर विसंबू नका, ५० वर्षांपूर्वीच्या व्रणाचं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही.

तिसरा डोस पुढे गेला. मी दवाखान्यात गेल्या गेल्या लघवी तपासली, खरोखरचं इन्फेक्शन निघालं या वेळी. मला तर रडूच आलं, आठवडा हुकला की सगळं वाया जाणार असं वाटलं. म्हटलं अँटिबायोटिक घेते आणि डोस आजच द्या. नाही म्हणाले, सुजलेल्या भिंतीतून बीसीजी रक्तात जाऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे काही अँटिबायोटिक्स बीसीजीलाच मारतात, मग डोस देऊन उपयोग काय. अँटिबायोटिकचा कोर्स संपेपर्यंत थांबले. एखादा आठवडा पुढेमागे झाला तर बिघडत नाही असं ते तीनदा म्हणाले तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

मग डॉक्टर म्हणाले तसंच झालं. तिसऱ्या डोसाच्या रात्री दर वीस मिनिटांनी लघवीला, प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबाला काच गेल्यासारखं. चौथ्याला लघवीतून पांढुरके बारीक तुकडे गेले, अंग ठणकत होतं, दोन दिवस ऑफिसला सुट्टी. दोन तास धरून ठेवणं आता खरंच कठीण झालं होतं, चौथ्या वेळी एक तास चाळीस मिनिटांवर मी उठले, धरवेनाच. नंतरच्या वेळी डॉक्टरांनी पिशवीचे झटके कमी करणारी गोळी दिली, डोसाआधी घ्यायची, त्याने फरक पडला. हे आधीच विचारायला हवं होतं मी. सोसत बसण्यात काही अर्थ नव्हता.

पाचव्याच्या संध्याकाळी हुडहुडी भरली. दात वाजत होते, ताप १०१ च्या वर. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण कागदावर लिहून दिलेलं होतं, ताप १०१.३ च्या वर गेला किंवा दोन दिवस राहिला तर लगेच फोन. मी फोन केला, रात्रभर दवाखान्यात ठेवलं. फार क्वचित, शंभरात एकालासुद्धा नाही, पण बीसीजी अंगभर पसरू शकतं आणि मग टीबीचीच औषधं काही महिने घ्यावी लागतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन वगैरे, टीबीतलं नेहमीचं पायराझिनामाइड मात्र याच्यावर चालत नाही. माझा ताप सकाळपर्यंत उतरला, रक्तात काही निघालं नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा म्हटलं की बास, सहावा नको. नवरा म्हणाला, तू ठरव, मी दोन्हीकडे तुझ्याबरोबर आहे. एक आठवडा जादा विश्रांती घेतली आणि सहावा घेतला. दोन तास पुरे केले, एक मिनिट कमी नाही.

सहा आठवड्यांनी परत दुर्बीण. स्क्रीनवर मी झालर शोधत होते, ती नव्हती. पण लाल पट्टा होता, मोठा, मखमलीसारखा, आणि सीआयएस तसाच दिसतो हे मला माहीत होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहित नाही. रिपोर्ट आला, कॅन्सरच्या पेशी नाहीत, ग्रॅन्युलोमा आहेत. ग्रॅन्युलोमा म्हणजे पांढऱ्या पेशींनी जंतूभोवती घातलेला गोल वेढा, टीबीच्या पेशंटच्या फुप्फुसात सापडतो तसाच. जे फुप्फुसात दिसलं तर डॉक्टर गंभीर होतात तेच माझ्या रिपोर्टमध्ये बघून डॉक्टर हसले. तो कागद मी जपून ठेवलाय.

सीआयएस असलेल्या साधारण दहांतल्या सातांमध्ये बीसीजीने तो साफ होतो. म्हणजे तिघांमध्ये होत नाही, ते पण लिहायलाच हवं. वेटिंग रूममध्ये माझ्याबरोबर एक काका होते, आम्ही एकाच दिवशी सुरू केलं होतं, त्यांचा परत आला. पूर्वी अशा वेळी पिशवी काढून टाकणं एवढाच खात्रीचा रस्ता असायचा, आता २०२० पासून काही नवे पर्याय मान्य झालेत, पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध, पिशवीत सोडायची जीन थेरपी, बीसीजीबरोबर द्यायचं एक औषध जे टी पेशींना आणखी चेतवतं. काकांनी पिशवी काढायचं ठरवलं, ऑपरेशन झालं, बरे आहेत, मेसेज करत असतात.

साफ झालं म्हणून संपत नाही हे मला उशिरा कळलं. अमेरिकेत डोनाल्ड लॅम आणि मंडळींनी मोठी चाचणी केली, २००० मध्ये छापली, त्यात दिसलं की सहा डोसांनंतर ठरावीक काळाने तीन-तीन डोस देत राहिलं तर कॅन्सर परत यायचं प्रमाण बरंच कमी होतं. तिसरा महिना, सहावा, बारावा, असं करत तीन वर्षांपर्यंत. माझे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याचे झाले. बाराव्याला गेले तर औषधच नाही. जगभरात हे औषध करणारे मोजकेच, आणि हा जंतू घाईत वाढत नाही, आतड्यातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि याला जवळजवळ एक दिवस लागतो, त्यामुळे एक बॅच तयार व्हायला तीन महिन्यांच्या वर जातात, कुठे कारखाना अडला की महिनोन्‌महिने सगळीकडे टंचाई. शंभर वर्षं जुनी, इतकी माहीत असलेली लस, आणि ती वेळेवर मिळत नाही म्हणून माणसांनी वाट बघत बसायचं, याचा मला खरंच संताप येतो. कुठे कुठे एक बाटली तीन जणांत वाटून तिसरा हिस्सा डोस देतात. आमच्याकडे नव्या पेशंटना आधी द्यायचं ठरलं, ते बरोबरच आहे, सहा डोसांची गरज त्यांना जास्त. मी यादीत थांबले, साडेपाच आठवडे.

काल संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला, तुमची बाटली आलीये ताई, बुधवारी सकाळी साडेआठ, चार वाजल्यापासून पाणी बंद. झटके कमी करायची गोळी काढून ठेवलीये, ब्लीचची बाटली नवीन आणलीये, आणि बाथरूमच्या भिंतीवरचा जुना कागद काढून कोरा लावलाय.